पहिली एकेचाळीस पानं

सोमवार, ४ फेब्रुवारी

संपादिका माझ्या लेकीच्या वयाची निघाली. केस बारीक कापलेले, कानामागे पेन्सिल. तिच्यासमोर तासभर बसले आणि बाहेर पडले तेव्हा माझे कान तापले होते.

सहा वर्षं लिहिलेली कादंबरी. लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत, रविवारी दुपारी, गॅसवर दूध ठेवून एक डोळा त्याच्याकडे ठेवत लिहिलेली. बावीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. पुस्तक मात्र दातांचं नाही, माझ्या आत्याचं आहे. आजोबांच्या थिएटरात तिने सतरा वर्षं प्रोजेक्टर चालवला. तिच्या आधी त्या खोलीचा जिना कुठली बाई चढली नव्हती, नंतरही नाही.

"पुस्तक आम्ही काढतोय," संपादिका म्हणाली. मी धड हसायच्या आत पुढचं आलं. "पण पहिली तीन प्रकरणं अशी चालणार नाहीत. तुमची नायिका पहिल्यांदा तोंड कधी उघडते, सांगता?"

मला आठवेना.

"एकेचाळिसाव्या पानावर. आणि काय म्हणते? 'बरं.'"

तोवर काय चाललंय, तर आजोबांनी जागा कशी घेतली, वडिलांनी खुर्च्या कुठून आणल्या, काकांचं मत काय पडलं. "आत्याला वर पाठवण्याआधी तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेताय," ती म्हणाली.

"आमच्याकडे असंच होतं," मी म्हटलं.

"तुमच्याकडे असेल. पुस्तकात कशाला?"

मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत दिलीये. ठेव म्हणावं तुझी मुदत तुझ्यापाशी. मी एक स्वल्पविराम हलवणार नाही. बाईने आयुष्यात एखादी तरी कादंबरी लिहिलीये का?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे खोक्यांवर नंबर टाकत बसले होते. घर विकलंय, महिनाअखेरीला ताबा द्यायचा आणि मग ह्यांच्या मोठ्या भावाकडे, खालच्या मजल्यावर, कायमचं. इथून नऊ तासांचा प्रवास. हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही तसं ठरवलं. म्हणजे ह्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली.

"छान झालं की!" हे म्हणाले. "तिकडे गेलं की निवांत कर काय ते. लॅबला उद्याच राजीनामा देऊन टाक."

मी बरं म्हटलं आणि चहा टाकला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

राजीनामा आठ दिवस पर्समध्येच आहे. द्यायला जावं तर मालक फोनवर असतात, नाहीतर कुणीतरी समोर बसलेलं असतं. आज मालकच टेबलापाशी आले. घर विकल्याचं त्यांच्या कानावर गेलंय. "मेपर्यंत तरी थांबा हो," म्हणाले. "पुढचे दात तुमच्यासारखे लावणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

मे. संपादिकेची मुदतही मेच. जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तीन महिने इथेच खोली घेऊन राहते. प्रकरणं हातावेगळी झाली की येते."

ह्यांचा घास हातातच राहिला. "आणि जेवणाचं?"

"कुणाच्या?"

"अगं, तुझ्या. तुझ्याच." पण ते यायला जरा वेळ लागला.

हे वाईट नाहीत, तेही इथे लिहून ठेवते. तीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. चढवायची वेळच आली नाही. सगळं आधीच ठरवून मोकळे होतात आणि मग प्रेमाने सांगतात. शेवटी म्हणाले, "बघ बाई. पण तीन महिने म्हणजे तीन महिने."

तीनच तर म्हणतेय. आणि एक स्पष्ट करते: मी प्रकरणं बदलायला राहत नाहीये. ती का बदलणार नाही, हे त्या पोरीला नीट पटवून द्यायला राहतेय.

रविवार, २४ फेब्रुवारी

ट्रक सकाळी गेला. दोर आवळून झाल्यावर लक्षात आलं की माझं लिहायचं टेबलही आत गेलंय. काढायचं तर आधी चार कपाटं उतरवावी लागली असती. "तिकडे लागेलच ना तुला," हे म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले, की भांडताही येईना.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक खुर्ची, भिंतीतलं कपाट, नळाला दणदणीत पाणी. घरमालकीण निवृत्त बस कंडक्टर. जिन्यात कुणी गप्पा मारत उभं राहिलं की अजूनही आतून ओरडते, "पुढे सरका, पुढे सरका!" तिने लिहायला जुनं इस्त्रीचं टेबल दिलं. एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घातली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन महिने."

"पुढच्या स्टॉपला उतरते म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात," ती म्हणाली, आणि किल्ली दिली. म्हणजे काय, कळलं नाही. बाई जरा विक्षिप्त आहे.

रविवार, ३ मार्च

संपादिकेला चार पानी पत्र लिहिलं. थिएटर कुणाच्या घामाने उभं राहिलं ते आधी कळल्याशिवाय आत्याची गोष्ट कळूच शकत नाही. वाचकाला घाई असेल तर त्याने दुसरं काहीतरी वाचावं. आणि माझी एकेचाळीस पानं आहेत तशी छापायची नसतील तर हस्तलिखित परत पाठवा. एका बैठकीत लिहिलं, पुन्हा वाचलंसुद्धा नाही, शुक्रवारी नेऊन दिलं.

आज तिचा फोन. "पत्र झकास आहे."

"मग?"

"चार पानांत तुम्ही कुणाचीही परवानगी घेतलेली नाही. पुस्तक असं लिहा."

फोन आपटला. म्हणजे बंद केला. हल्लीचे फोन धड आपटताही येत नाहीत.

संतापाच्या भरात बाजारात गेले आणि खिडकीला पडदे शिवायला टाकले. घरमालकीण म्हणे, "तीन महिन्यांसाठी मापाचे पडदे?" मी म्हटलं, ऊन येतं. येतंच मुळी.

गुरुवार, १४ मार्च

आज लॅबमध्ये नाचक्की झाली. एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी. मेणात दात लावून बसवून बघायचा दिवस. बाईंनी आरशात पाहिलं, ओठ मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "सुबक आहे. पण हे माझं तोंड नाही."

मी मापं तपासली. सगळी बरोबर. मग दिसलं. समोरचे दोन दात मी केसभर आत घेतले होते. आत घेतले की कुणी तक्रार करत नाही, उठून दिसत नाहीत, सगळं नीटनेटकं वाटतं. आणि त्या दोघांच्या मागे बाकीचे दहाही निमूटपणे आत गेलेले. एक हलवून भागणार नव्हतं. बाराच्या बारा उपटले आणि पुन्हा लावायला बसले. बाई समोर बसून होत्या. "घाबरू नका," मलाच म्हणाल्या, "मला दिसायला हवंय."

घरी आल्यावर एकेचाळीस पानं काढली आणि स्वतःला मोठ्याने वाचून दाखवली. सत्ताविसाव्या पानावर मलाच डुलकी लागली.

हे संपादिकेला मरेपर्यंत सांगणार नाही.

रविवार, २४ मार्च

ह्यांनी फोटो पाठवला. तिकडच्या घरातलं नवं कपाट. एका कप्प्यावर चिठ्ठी लावलीये, "तुझा". खिडकीजवळचा कप्पा मुद्दाम निवडलाय म्हणे. डोळ्यांत पाणी आलं. मग कपाटाच्या बाकीच्या कप्प्यांकडे लक्ष गेलं. अकरा होते.

लेकीचा फोन आला. ती तिसऱ्याच गावात नोकरीला आहे. "आई, बाबा रोज विचारतात, तुझं किती झालं."

"सांग, चाललंय."

"खरंच चाललंय, की उगाच?"

"उगाच म्हणजे?"

"काही नाही गं." आणि मग, "तू फोनवर हल्ली जोरात बोलतेस. छान वाटतं."

जोरात कुठे? घरमालकिणीशी बोलून बोलून सवय लागली असेल. असो. पहिलं प्रकरण पाच वेळा सुरू केलं, पाच वेळा फाडलं. बदलायचं नाही म्हणत होते ना मी? बदलत नाहीये. नुसतं तपासतेय.

मंगळवार, २ एप्रिल

आज रजा टाकली. घरीच.

आजोबा आत्याला प्रोजेक्टर सांभाळायची परवानगी देतात, तो प्रसंग मी अकरा पानं लिहिलाय. तो आवळायला बसले. पण आजोबांचा आवाजच कानात येईना. बाकी सगळ्यांचा येतो. थिएटरच्या दारावरचा माणूस खोकतो तोसुद्धा ऐकू येतो. आजोबा तेवढे पुतळ्यासारखे उभे आणि छापील बोलतात. दुपारपर्यंत झगडले. मग वही मिटून डोळे मिटले, आणि आत्याने ती गोष्ट सांगितली होती तशी आठवायला लागले. तिने मला तीनदा सांगितलीये, तिन्ही वेळा अगदी सारखी. ऑपरेटर तापाने फणफणला होता, कुणाला न सांगता घरी निघून गेला. खाली हॉल भरलेला, लोक पाय आपटताहेत. "मग मी वर गेले आणि खटका ओढला."

बस. एवढंच. त्यात आजोबा नाहीतच.

डोक्यावर हात ठेवणारे, डोळे पुसणारे, "जा पोरी, मशीन तुझं" म्हणणारे आजोबा मी आणून उभे केलेत. कुणी सांगितलं होतं मला? आत्याने नाही. आजोबांनीही नाही. सह्या तिने गोळा केल्याच नव्हत्या, त्या मी करत बसले. अकरा पानं! फाडली ती, दुःखाने नाही, रागाने.

संध्याकाळी पहिलं वाक्य आलं: "खाली चारशे माणसं पाय आपटत होती आणि वर ती एकटी होती."

मध्यंतरात आजोबा धापा टाकत जिना चढून येतात आणि एवढंच म्हणतात, "चार दिवस सांभाळ, मग बघू." हे त्यांचं अगदी खरं वाक्य, आत्या नक्कल करून दाखवायची. ते ठेवलं. लोकांना हसू येईल. चार दिवसांची बोली आणि सतरा वर्षं!

मध्ये सुतार येऊन पुस्तकांसाठी फळी ठोकून गेला. दोन खिळ्यांत उरकत होता. मी म्हटलं, दहा वर्षं हलता कामा नये अशी ठोका.

शनिवार, १३ एप्रिल

ह्यांचा फोन. मोठ्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकोणतीस तारखेला आहे. "आपण ठरवलंय, तू पंचवीसपर्यंत ये. दोन महिने त्यांना उठता येणार नाही. घरचं माणूस हवं."

"प्रकरणं मेमध्ये द्यायचीत."

"अगं, पुस्तक कुठे पळून जातंय?"

मी म्हटलं, बघते. फोन ठेवल्यावर तासभर काहीच केलं नाही. जाऊबाई माझ्याशी कधी वाकड्या वागल्या नाहीत. माणूस अंथरुणाला खिळणार आणि मी दोन वाक्यं मागेपुढे करत बसणार? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी नावं ठेवली असती.

बॅग काढून पलंगावर ठेवली. भरली नाही.

रविवार, १४ एप्रिल

लेकीला फोन करून सांगितलं की पंचवीसला निघेन म्हणते.

ती म्हणाली, "आई, तुला आत्ता कळलं?"

"काय?"

"ऑपरेशनचं. जानेवारीतच ठरलं होतं ते. बाबा मला म्हणाले होते, आईला तिकडे गेल्यावर सांगू, आत्ता कशाला डोक्याला ताप. मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

जानेवारीत. घराचा सौदा त्यानंतरचा.

म्हणजे खालच्या मजल्यावर हवं होतं ते घरचं माणूस होतं. आणि खिडकीजवळचा कप्पाही त्याच्यासाठीच.

बॅग पुन्हा कपाटात टाकली आणि दार गुडघ्याने लोटलं. त्यानंतर दुसरं प्रकरण लिहिलं. सात पानं, सलग. काका त्यात येतात तेव्हा दीड ओळ बोलतात. तेवढी पुष्कळ झाली.

बुधवार, १७ एप्रिल

ह्यांच्यामार्फत काही सांगायचं नाही, असं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या गच्चीवरून थेट जाऊबाईंनाच फोन लावला. एका दमात बोलून टाकलं, "वहिनी, तुमचं ऑपरेशन आहे, मला वाईट वाटतंय, पण मी शुश्रूषेला येणार नाही. मला इथे काम आहे."

मला वाटलं, संपलं.

"मी बोलावलं होतं का तुला?" जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी केव्हापासून सांगतेय, शिकलेली नर्स ठेवा. तुझ्यासमोर कपडे बदलायला मला तरी बरं वाटलं असतं का गं? पण दोघा भावांनी परस्पर ठरवलं. मला म्हणाले, ती हौसेने येतेय. मी म्हटलं, असेल बाई हौस."

दोघी हसायला लागलो. इतक्या, की खालून मालकांनी वर बघितलं. तीस वर्षांत जाऊबाईंशी अशी हसले नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, "आता मी वरच्या आवाजात सांगते, नर्सच हवी. तू तुझं लिही. त्यात जाऊ आहे का?"

"आहे. फारशी चांगली नाही."

"चालेल," म्हणाल्या.

गुरुवार, २ मे

प्रकरणं दिली. एकेचाळीस पानांची चौदा झाली. आत्या पहिल्या पानावर बोलते, आणि शिवी देते. मशीनला.

संपादिकेने तिथेच वाचली. मी समोरच्या भिंतीवरची कॅलेंडरं पाहत बसले. तिने पेन्सिल कानामागून काढलीच नाही, तेव्हा मला धीर आला. पण शेवटच्या पानावर काढली.

"एकच गोष्ट. थिएटरला आग लागते ते पुस्तकाच्या मध्यावर येतं. तिथूनच सुरुवात केली तर? वाचक ओढला जाईल."

"नाही."

"विचार तर करा."

"केला. तुमचं ऐकून सत्तावीस पानं काढली, आणि तुम्ही बरोबर होतात, हेही तोंडावर सांगते. पण आत्या वर मशीन चालवायला गेली होती, जळायला नाही. ज्याला आग बघायचीये त्याने थांबावं मध्यापर्यंत."

ती म्हणाली, "फेब्रुवारीत तुम्ही बोलला होतात, 'आमच्याकडे असंच होतं.'"

"फेब्रुवारीत," मी म्हटलं.

जिना उतरताना शीळ घालावीशी वाटली. येत नाही.

रविवार, ५ मे

हे आले. न कळवता. घरमालकीण वर घेऊन आली, "तुमचे पाहुणे," म्हणाली आणि दार लोटून गेली.

खुर्ची एकच. हे तिच्यावर बसले, मी पलंगावर. ह्यांनी सगळं नीट पाहिलं. पडदे, फळी, फळीवरची पुस्तकं, कुंडीतलं रोप. हे वाळलेत थोडे. चहा दिला. इस्त्रीच्या टेबलावर पहिलं प्रकरण पडलं होतं, ते उचलून वाचायला लागले. उभं बोट ओळीखालून फिरवत, ऑफिसच्या फायली वाचायचे तसं.

"आजोबांनी पाठवलं होतं ना तिला वर?"

"नाही. ते मी घातलं होतं."

"असं होय." पान खाली ठेवलं. "झालं मग हे?"

"झालं."

"मग निघू या. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत."

उत्तरं माझ्याकडे होती. प्रुफं यायचीत, मालकांना माणूस मिळेपर्यंत थांबायचंय, लेक येणार आहे. दोन महिने मी ती मनात रचून ठेवतेय, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं. एकही वापरलं नाही.

"मी येत नाही."

"अजून किती दिवस?"

"दिवस नाहीत. मी इथेच राहणार आहे."

ह्यांनी कपाच्या कानात बोट घातलं. "मी ऑपरेशनचं सांगितलं नाही म्हणून?"

"त्याचा राग आलाय. पण ते सांगितलं असतंत तरी मी आले नसते, असं वाटतंय आता."

"मी तुला कधी काही कमी पडू दिलं?"

"नाही."

"मग माझं चुकलं काय, ते तरी सांग."

काय सांगणार? नऊ-दहा गोष्टी ओठांवर आल्या, सगळ्या बारीक. एकेक काढून दाखवली असती तर आम्हा दोघांनाही लाज वाटली असती. मी म्हटलं, "तुम्ही ठरवत गेलात आणि मी बरं म्हणत गेले. अर्धी चूक माझी. माझी अर्धी मी सुधारतेय."

तेव्हा ह्यांनी जे विचारलं त्याची मला कल्पना नव्हती. खिडकीकडे बघत म्हणाले, "मी इथे येऊन राहू का?"

विचारलं. ठरवलं नाही, विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं भरून आलं, की हो म्हणणं अगदी सोपं होतं. त्या सोपेपणाचीच भीती वाटली.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता नाही. पण विचारलंत ते बरं केलंत."

ह्यांनी मान हलवली. कप स्वतः धुतला. बेसिनपाशी साबण कुठे आहे तेही विचारावं लागलं.

मी गाडीपर्यंत सोडायला गेले. दोन सीटांपैकी खिडकीची ह्यांनी घेतली, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. खिडकीतून म्हणाले, "पुस्तक आलं की एक पाठव." मी हो म्हटलं. गाडी वळेपर्यंत उभी राहिले. मग थांब्यावरच्या बाकावर बसून यथेच्छ रडले, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता. रडून झाल्यावर चालत घरी आले.

मंगळवार, ७ मे

मालकांना सांगितलं, मी थांबतेय. राजीनामा सापडला नाही. फाडून टाकला असेन.

लेकीला सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "बाबांशी मी रोज बोलेन." मी म्हटलं, बोल.

शनिवार, ११ मे

संपादिकेची चिठ्ठी आली. पहिली दोन प्रकरणं पक्की. तिसऱ्याच्या शेवटावर समोरासमोर भांडू या. "चौथ्यापासून पुढचं सगळं उत्तम आहे, कृपया हात लावू नका."

सकाळी चौथं प्रकरण काढून बसले. पहिल्याच पानावर आत्या काकांना विचारते, "मी जाऊ का?"

हात लावू नका म्हणे. लावला.